साबणाने न निघणारा मानेवरचा काळपट थर : मळ की त्वचाविकार?

गोदाकाठ :
नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, पुढे गळ्याच्या खालच्या भागात आणि दोन्ही पायांच्या घोट्यांच्या वर काळपट तपकिरी डाग गेल्या काही महिन्यांपासून दिसत आहेत. लांबून पाहिले तर मळ साचल्यासारखेच वाटते. जवळून पाहिल्यावर मात्र कातडीवर बारीक, खरखरीत कणांचा थर बसलेला दिसतो आणि बोट फिरवले तर तो हाताला जाणवतो. खाज नाही, आग नाही, दुखत नाही आणि नखाने खरवडल्यास कोंडाही सुटत नाही. मुलगी रोज आंघोळ करते. किंबहुना हे डाग दिसू लागल्यापासून मान घासण्यातच आम्हा दोघींचा सकाळचा बराच वेळ जातो.

साबण, काथ्याची घासणी, डाळीचे पीठ आणि दही, लिंबाची फोड असे सर्व घरगुती उपाय करून झाले. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून टाचा घासायची वजरीसुद्धा हलक्या हाताने फिरवून पाहिली. त्याने कातडी लाल होऊन चरचरली, पण काळेपणा जसाच्या तसा राहिला. घराजवळच्या डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग असावा असे समजून मलम दिले होते, ते सांगितल्याप्रमाणे पूर्ण लावूनही फरक पडला नाही.

शाळेत बाईंनी वर्गासमोर "आंघोळ करून येत जा" असे म्हटल्यापासून मुलगी भर उन्हाळ्यातही शर्टाचे वरचे बटण लावून बसते. त्यातच, मान काळी पडणे ही मधुमेहाची पूर्वसूचना असते असे वाचनात आल्यामुळे माझीही झोप उडाली आहे. तिचे वजन वयाच्या मानाने योग्य आहे, पण सासूबाईंना मधुमेह आहे. हा नेमका कोणता प्रकार असावा, रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात का, आणि कोणत्या तज्ज्ञांकडे जावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पळसफूल :
ताई, आमच्या चौदा वर्षांच्या मुलाची मानही अशीच मागच्या बाजूने काळी आणि जाडसर झाली आहे. आम्हाला त्याचे नाव 'अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स' असे सांगण्यात आले. शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होईनासा झाला की असे होते, असे समजले. त्याचे वजन वाढलेले आहे, त्यामुळे आमच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. आपल्या मुलीचे वजन योग्य असले तरी घरात मधुमेह आहे, तेव्हा उपाशीपोटी साखर एकदा तपासून घ्यायला हरकत नसावी. घासून हे जात नाही एवढे मात्र आम्हीही अनुभवले आहे.

त्वचावैद्य :
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रुग्ण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे; तरीही गोदाकाठताईंनी केलेले वर्णन इतके नेमके आहे की एक शक्यता इतर सर्व शक्यतांच्या पुढे येते. या विकाराला 'टेरा फर्मा-फॉर्म डर्मॅटोसिस' असे म्हणतात. डंकन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, त्यामुळे 'डंकन्स डर्टी डर्मॅटोसिस' असेही त्याला म्हटले जाते. तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे, संसर्गजन्य नाही, आणि अंतर्गत आजाराचे लक्षणही नाही. मुले आणि कुमारवयीन यांच्यात तो अधिक आढळतो, मान आणि घोटे या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. पोट, पाठ, बेंबी, काख आणि क्वचित चेहरा येथेही तो दिसतो. त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आपणच लिहिले आहे: स्वच्छतेत काहीही कमतरता नसताना मळासारखा थर दिसणे आणि तो साबण-पाण्याने न निघणे.

हे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण एकदा ते ध्यानात आले की घासण्याचा अट्टहास आपोआप सुटतो. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर पोहोचते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात झडून जाते. या विकारात पेशींची परिपक्व होऊन झडण्याची ही क्रिया काही ठिकाणी अपुरी राहत असावी, असे मानले जाते. पेशी एकमेकींना चिकटून राहतात, त्यांच्यातले मेलॅनिन हे रंगद्रव्यही त्यांच्याबरोबर अडकते, आणि त्यात त्वचेचा तेलकट स्राव व घाम मिसळून थर घट्ट होत जातो. म्हणजे दिसणारा काळेपणा मुख्यत्वे आपल्याच त्वचेच्या रंगाचा असतो, रस्त्यावरच्या धुळीचा नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थरात केरॅटिन या त्वचेतल्या प्रथिनाची गोल वेटोळी दिसतात, परंतु त्यासाठी त्वचेचा तुकडा काढण्याची वेळ सहसा येत नाही, येऊही देऊ नये.

वेळ न येण्याचे कारण असे की या विकाराचे निदान आणि उपचार एकाच कृतीने होतात. सत्तर टक्के आयसोप्रोपिल किंवा इथिल अल्कोहोल असलेल्या स्पिरिटात कापसाचा बोळा भिजवून, नाण्याएवढ्या जागेवर काहीसा दाब देत चोळायचा. हा विकार असेल तर बोळा तपकिरी होतो, थर सुटतो आणि खाली नेहमीच्या रंगाची नितळ त्वचा दिसते. ज्या जागी बोळा फिरला ती आणि शेजारची न पुसलेली जागा यांच्यातली सीमा इतकी स्पष्ट असते की वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. आम्ही दवाखान्यात डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून आधी पाहतो. त्यात तपकिरी रंगाचे मोठे, बहुकोनी तुकडे शहाबादी फरशी बसवल्याप्रमाणे एकमेकांशेजारी मांडलेले दिसतात. भिंग नसले तरी बोळा पुरतो. पुष्कळदा आईवडील बरोबर रक्ताच्या अहवालांची जाड फाइल घेऊन येतात आणि पहिल्याच भेटीत, खुर्चीवर बसल्या बसल्या, प्रश्न निकालात निघतो.

आता काळजीचे मुद्दे. वजरीने लाल झालेल्या त्वचेवर आज स्पिरिट लावू नका, भयंकर झोंबेल. लाली पूर्ण ओसरेपर्यंत साबणाव्यतिरिक्त काहीही लावू नये आणि घासणी बंद ठेवावी. स्पिरिट ज्वालाग्राही असते, म्हणून देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, डासांची कॉइल यांच्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून हे काम करावे आणि त्वचा वाळेपर्यंत तिथेच बसावे. डोळे, ओठ, गुप्तांग आणि कापले-खरचटलेले भाग टाळावेत. सर्व डाग एकाच दिवशी पुसून काढण्याची घाई नको. आज मानेची एक बाजू, दोन दिवसांनी दुसरी, असे केले तर त्वचा कोरडी पडत नाही. पुसून झाल्यावर पाण्याने धुऊन साधे मॉइश्चरायझर लावावे. अगदी लहान बाळांच्या बाबतीत मात्र घरी हा प्रयोग मुळीच करू नये, कारण त्यांच्या त्वचेतून अल्कोहोल शरीरात शोषले जाण्याचा धोका असतो. थर फार जाड असेल तर सॅलिसिलिक आम्ल, लॅक्टिक आम्ल किंवा युरिया असलेले मलम काही दिवस लावून तो आधी मऊ करावा लागतो, परंतु ते डॉक्टरांनी ठरवावे.

पळसफूल यांनी उल्लेख केलेली शक्यता रास्त आहे आणि भारतीय मुलांमध्ये ती याहून कितीतरी अधिक आढळते. अ‍ॅकॅन्थोसिसमध्ये त्वचा मखमलीसारखी मऊ-जाड लागते, मानेच्या मागच्या बाजूला आडव्या रेषा ठळक होतात, काखाही बहुधा काळ्या झालेल्या असतात आणि स्पिरिटने रंग किंचितही उतरत नाही. तिसरी शक्यता शिब्यांची; त्यात नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा निघतो, जो आपल्या मुलीच्या बाबतीत निघत नाही, त्यामुळे बुरशीच्या मलमाचा उपयोग झाला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. छातीच्या मधोमध किंवा पाठीवर जाळीसारखी नक्षी असती, तर मी गूझरो आणि कार्तो यांनी १९२७ मध्ये वर्णिलेल्या विकाराचा विचार केला असता, ज्याला पोटात घ्यायची प्रतिजैविके लागू पडतात. अ‍ॅटोपिक एक्झिमा (अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीतून होणारा इसब) असलेल्या मुलांची मान पुढून जाळीदार काळी होते, तीही पुसून निघत नाही. आपण लिहिलेल्या माहितीत यांपैकी कशाचीही खूण मला दिसत नाही.

रक्ताच्या तपासण्यांची घाई करू नका. आधी बोळा फिरवा, उत्तर तिथे मिळाले नाही तर पुढचे पाहू.

औषधपेढी :
मी औषधविक्रेता आहे, म्हणून स्पिरिटाबद्दल दोन शब्द लिहिणे गरजेचे वाटते. 'स्पिरिट द्या' एवढेच म्हणून बाटली घेऊ नये. दुकानात सर्जिकल स्पिरिट या नावाने जे मिळते त्यातील घटक उत्पादकागणिक वेगळे असतात. कशात इथिल, कशात आयसोप्रोपिल, आणि प्रमाणही निरनिराळे. लेबल वाचून सत्तर टक्क्यांच्या आसपासचे घ्यावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे इंजेक्शन देण्यापूर्वी कातडी पुसण्यासाठी वापरतात ते पाकीटबंद अल्कोहोल स्वॅब. त्यांत सहसा सत्तर टक्के आयसोप्रोपिल असते, ते स्वस्त असतात, आणि घरात स्पिरिटाची उघडी बाटली ठेवण्याचा धोकाही टळतो. पहिल्या चाचणीसाठी दोन-तीन स्वॅब पुरेसे होतात.

हार्डवेअरच्या दुकानात लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी जे स्पिरिट मिळते ते कोणत्याही परिस्थितीत अंगाला लावू नये. त्यात मिथेनॉल असू शकते, जे विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जाते. रंग दिसायला सारखाच असल्यामुळे ही गल्लत होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

करोनाच्या काळात घरोघरी साठलेल्या सॅनिटायझरबद्दलही कोणीतरी विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या द्रवरूप सॅनिटायझरमध्ये ऐंशी टक्के इथेनॉल किंवा पंचाहत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडेसे ग्लिसरीन असते, त्यामुळे तत्त्वतः त्यानेही काम व्हावे; परंतु सुगंधी आणि जेलरूप प्रकारांत इतर बरेच काही मिसळलेले असते, आणि कपाटात झाकण सैल राहिलेल्या जुन्या बाटलीतले अल्कोहोल कधीच उडून गेलेले असते. दहा-वीस रुपयांच्या स्वॅबसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ :
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मानेवरची लाली पूर्ण गेल्यावर, आंघोळ होऊन तासभर झाल्यावर, स्वॅब घेऊन कानाच्या खाली लहानशा जागेवर चोळून पाहिला. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच झाले नाही. नंतर थोडा दाब वाढवल्यावर पांढऱ्या स्वॅबवर आधी फिकट पिवळट, मग चहाच्या रंगाची रेघ उमटली, आणि त्या रेघेत मिरीच्या भुकटीएवढे काळे कण अडकलेले दिसले. मानेवर स्वॅबाच्या रुंदीचा एक उजळ पट्टा तयार झाला, ज्याच्या वर आणि खाली जुना काळेपणा तसाच होता. मुलीला आरशात मागचे दिसेना, म्हणून तिने फोनवर फोटो काढायला लावला आणि तो फोटो मोठा करून करून पाहत बसली.

उरलेली मान आणि एक घोटा टप्प्याटप्प्याने स्वच्छ झाला आहे. दुसऱ्या घोट्यावरचा थर जाड आहे, तो पूर्ण निघालेला नाही. आता माझे दोन प्रश्न आहेत. हा थर पुन्हा येतो का, आणि येऊ नये म्हणून काही करता येते का? दुसरे, मुलीच्या केसांना आठवड्यातून तीनदा भरपूर खोबरेल तेल लावण्याची आमच्याकडे पद्धत आहे आणि ते मानेवर ओघळते. त्याचा याच्याशी काही संबंध असू शकेल का?

जुनीपेठ :
चर्चा वाचून एक शंका आली, ती कोणालाही दुखावण्यासाठी नव्हे. कापूस तपकिरी झाला, खाली स्वच्छ कातडी निघाली, मग हा साधा चिकट मळच नव्हता हे कशावरून? तेलकट मळ साबणाने निघत नाही पण स्पिरिटाने निघतो, हे तर यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. नवी जीन्स घातल्यावर मांड्यांना लागलेला निळा रंगही स्पिरिटाने जातो. एखाद्या गोष्टीला लांबलचक नाव दिले की ती आजार होते, असे तर होत नाही ना?

त्वचावैद्य :
जुनीपेठ यांची शंका अगदी योग्य आहे आणि त्वचारोगाच्या वर्गात विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात. कपड्याचा किंवा काळ्या दोऱ्याचा रंग स्पिरिटाने निघतो हे खरे, परंतु मग बोळ्यावर तो रंग सपाट पसरतो, निळा किंवा काळा. त्यात कण नसतात आणि डर्मोस्कोपखाली तुकड्यांची मांडणीही दिसत नाही. शिवाय रंग कपडा जिथे घासतो तिथेच लागतो.

तेलकट मळाचे तसे नाही. यंत्रावरचे ग्रीस लागलेले हात साबणाने दोन-तीन वेळा धुतले, घासले, तर पूर्ण नसले तरी बऱ्याच प्रमाणात उजळतात. गोदाकाठताईंनी काथ्या आणि वजरी फिरवल्यावर कातडी लाल झाली, तरीही थर फिका झाला नाही. बाहेरून चिकटलेला मळ असता तर कातडी सोलवटण्याच्या आधी तो गेला असता. थर चिकटलेला नाही, तो त्वचेच्याच पेशींचा आहे, आणि स्पिरिट बहुधा त्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या स्निग्ध द्रव्यांवर काम करते. नाव लांबलचक आहे हे मान्य. त्या नावाचा उपयोग एवढाच की ते माहीत असलेला डॉक्टर मुलाला इन्सुलिनच्या चाचण्या, बुरशीची औषधे आणि बायॉप्सी यांच्या फेऱ्यांतून वाचवतो.

गोदाकाठताई, एकदा पूर्ण साफ झालेला थर पुष्कळांच्या बाबतीत परत येत नाही. आला तरी पूर्वीइतका जाड होण्याआधीच दिसतो. त्यामुळे रोज स्पिरिट लावण्याची सवय लावू नका, त्याने त्वचा कोरडी होऊन नवाच त्रास सुरू होईल. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात मान पाहावी आणि काळपट छटा दिसली तरच एक स्वॅब फिरवावा. तेलाने हा विकार होतो असे मी म्हणणार नाही. रोज तेल लावणाऱ्या कितीतरी मुलांच्या माना स्वच्छ असतात. परंतु एकदा विकार झालेल्या त्वचेवर तेल, सनस्क्रीन किंवा दाट क्रीम यांचे लेप साचू न देणे शहाणपणाचे, म्हणून केसांना तेल अवश्य लावा, मात्र मानेवर ओघळलेले तेल टिपून घ्या आणि रात्री सुती कापडाने मान पुसा. राहिलेल्या घोट्यासाठी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. तिथे आम्ल असलेले मलम लागेल असे वाटते. त्याच भेटीत निदान लिहून घ्या आणि 'हा विकार अस्वच्छतेमुळे होत नाही' हे एक वाक्य त्या कागदावर लिहिण्याची विनंती करा. तो कागद शाळेत वर्गशिक्षिकांना द्यावा. माझ्या रुग्णांच्या पालकांना मी न मागताही तो लिहून देतो.

निरगुडी :
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारणे योग्य वाटते. माझ्या वडिलांना पेसमेकर बसवल्यावर डाव्या बाजूच्या छातीवर, जखमेच्या आजूबाजूला, तपकिरी खपलीसारखा थर वाढत गेला आहे. जखम केव्हाच भरली आहे. कडा कोरड्या, उचललेल्या आहेत, आणि त्यांना त्याचा कोणताही त्रास नाही. हाही तोच विकार म्हणायचा का, आणि तिथे स्पिरिट चालेल का? वडील सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्या भागाला हात लावू देत नाहीत.

त्वचावैद्य :
आपले शेवटचे वाक्य निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. याला 'डर्मॅटोसिस नेग्लेक्टा' म्हणतात. १९९५ मध्ये हे नाव प्रथम वापरले गेले. शस्त्रक्रिया, पक्षाघात, नागीण झाल्यानंतरची वेदना किंवा नुसती भीती यांमुळे शरीराचा एखादा भाग महिनोन्‌महिने धुतला जात नाही, तेव्हा तिथे झडलेल्या पेशी, घाम आणि तेलकट स्राव यांची खपली साचत जाते. दिसायला दोन्ही विकार सारखे असले तरी मूळ वेगळे आहे, कारण पहिल्यात धुऊनही थर राहतो आणि इथे न धुतल्यामुळे तो होतो. त्यामुळे इथे पुष्कळदा स्पिरिटाची गरजच पडत नाही. कोमट पाण्यात भिजवलेला मऊ पंचा दहा मिनिटे ठेवून, साबण लावून, दाब न देता पुसत राहिल्यास थर थोडा थोडा सुटत जातो. जखम नीट भरल्याचे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून एकदा निश्चित करून घ्या, आणि तो भाग धुतल्याने पेसमेकरला काही होत नाही हे त्यांनीच वडिलांना सांगितले तर उत्तम. मुलाच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांचे सांगणे या वयात लवकर मानले जाते.

थर निघाल्यावर खाली जखम, गाठ किंवा ओलसरपणा दिसला, किंवा ताप, सूज, लाली असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

पळसफूल :
डॉक्टर, आम्हीही मुलाच्या मानेवर स्वॅब फिरवून पाहिला. अगदी दाब देऊन चोळले तरी स्वॅब पांढराच राहिला आणि मान जशी होती तशी. म्हणजे आमचे निदान बरोबर होते असे दिसते. वजन कमी करण्याविषयी सर्वजण सांगतात, पण तोवर मानेसाठी काय करावे? गल्लीतल्या दुकानदाराने एक क्रीम दिले आहे, ते लावल्यावर सुरुवातीला रंग पुष्कळ उतरला होता, आता मात्र त्याचा परिणाम होत नाही आणि त्या जागी बारीक लाल पुरळ आले आहे.

त्वचावैद्य :
स्वॅब पांढरा राहिला म्हणजे टेरा फर्मा-फॉर्म विकार नाही एवढे नक्की, आणि आपण दिलेले वर्णन अ‍ॅकॅन्थोसिसशी जुळते. मुलाची उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तदाब आणि कमरेचा घेर एवढे आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर तो मधुमेहपूर्व टप्पा समजतात, ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेहाच्या निदानासाठी पुन्हा तपासणी करतात. रंग उतरण्याचा खरा मार्ग आहार, खेळणे आणि वजन यांतूनच जातो, आणि त्याला महिने लागतात. त्वचेसाठी सौम्य मलमे असतात, परंतु मूळ कारण तसेच ठेवून केवळ मलम लावल्यास मान पुन्हा काळी होते.

त्या क्रीमबद्दल मला अधिक काळजी वाटते. त्याचे नाव इथे लिहू नका, नळीवर बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचून सांगा, आणि किती काळ लावले तेही.

पळसफूल :
मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे तीन घटक लिहिले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून जवळजवळ रोज लावत आहोत.

त्वचावैद्य :
मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ही तीन घटकांची मिश्रणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक मुदतीपुरती आणि नेमक्या कारणासाठी द्यायची असतात. पण आपल्याकडे ती मान आणि चेहरा गोरा करण्याचे क्रीम म्हणून सर्रास खपतात. सततच्या वापराने त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि आपण म्हणता तसे पुरळ येते. इतके दिवस रोज लावल्यावर ते बंद केले की लाली आणि आग वाढण्याची शक्यता असते, म्हणून परस्पर काही ठरवू नका. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना ती नळी दाखवा. क्रीम कसे थांबवायचे, एकदम की उतरत्या क्रमाने, ते मुलाची त्वचा पाहूनच ते सांगतील. तोवर त्या जागी स्पिरिट, लिंबू, घासणी यांतले काहीही लावू नका.